आपल्याच रक्ताचे अश्रू

अश्रू म्हणजे दुःखाचे अथवा आनंदाचे पाणी, एवढीच त्यांची सर्वसाधारण ओळख आहे. परंतु माणूस हसत नसो वा रडत नसो, जागेपणी त्याच्या डोळ्यांवर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. पापणी मिटते आणि उघडते, तेव्हा प्रत्येक वेळी हा थर बुबुळावर नव्याने सारवला जातो. मिनिटाला दहा-पंधरा वेळा चालणारे हे काम कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हे नुसते खारट पाणीही नव्हे. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून त्यात स्निग्धता मिसळते, म्हणून ते लवकर उडून जात नाही. त्यात एक चिकट पदार्थ असतो, म्हणून ते बुबुळाला धरून राहते. जंतूंशी लढणारी द्रव्येही त्यात असतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव पेनिसिलीनमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या शोधाच्या सहा वर्षे आधी, १९२२ मध्ये, त्यांनी लायसोझाइम हे जंतूंना विरघळवणारे द्रव्य जगापुढे मांडले होते, आणि ते अश्रूंत भरपूर असते. याखेरीज अश्रूंत अ जीवनसत्त्व असते आणि पेशींची वाढ घडवून जखम भरून आणणारी प्रथिने असतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याला रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिन्या नाहीत म्हणूनच त्यातून स्वच्छ दिसते. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागाची डागडुजी मोठ्या प्रमाणात अश्रूंवर सोपवलेली आहे. अश्रू आटले की हा पडदा उपाशी पडतो.

नगरच्या कापड बाजारातील एका ओसवाल कुटुंबात नेमके हेच घडत होते, आणि कित्येक वर्षे ते कोणाला कळले नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडले, त्यांना सारे घर आणि दुकानातील माणसेही काकी म्हणतात. काकी सून म्हणून या घरात आल्या त्यानंतर तीन-चार वर्षांतच सासऱ्यांनी उधारीची वही त्यांच्या हाती दिली. पुढे संगणक आला, टॅली आली, जीएसटी आला. तरी खेड्यापाड्यांतील छोट्या दुकानदारांची उधारी काकींच्या लाल वहीतच राहिली. कोणाकडे किती बाकी आहे हे संगणकही सांगतो. परंतु कोणाच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाचा कांदा यंदा मातीमोल गेला, कोणाला दिवाळीपर्यंत सवड द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे त्या वहीच्या समासात काकींच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असे. दुकानाचा निम्मा व्यवहार त्या समासावर चालतो, असे काकाजी थट्टेने म्हणत; त्यात थट्टा थोडीच होती.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी काकींच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले. सकाळी उठताना पापण्या बुबुळाला चिकटलेल्या असत आणि उघडताना चर्र होई. दुपारी दुकानातील पंख्याचा वारा सहन होईना. प्रथम चष्म्याचा नंबर बदलला. मग गुलाबपाणी झाले, दुधाच्या पट्ट्या झाल्या, तुपाची बोटे पापण्यांवर फिरली. एका डॉक्टरांनी ॲलर्जीचे थेंब दिले, दुसऱ्यांनी वयाचा दोष सांगितला. डोळे वरून पाहता चांगले दिसत; थोडे लाल, इतकेच. ज्या दुखण्याला सूज नाही, ताप नाही, फोड नाही, त्यावर घरातील माणसांचा विश्वास किती दिवस टिकणार? “काकींना आता वहीचा कंटाळा आला,” असे दुकानातील कोणीतरी म्हणाले आणि ते त्यांच्या कानांवर गेले.

त्याहून मोठा घाव धाकट्या मुलीच्या लग्नात बसला. पाठवणीच्या वेळी सारा मांडव रडत होता आणि काकींचे डोळे कोरडे ठणठणीत होते. त्यांचा कंठ दाटला, छाती भरून आली, ओठ थरथरले, पण डोळ्यांत टिपूस येईना. आले ते फक्त जळजळणे. “मोठ्या घट्ट मनाच्या हो तुम्ही,” असे विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या. दोन नणंदांनी मात्र एकमेकींकडे पाहिले. काकींनी त्या वेळी खुलासा केला नाही; करण्यासारखा खुलासा त्यांच्याजवळ नव्हताच.

त्या दिवाळीच्या वहीपूजनानंतर त्यांनी वही पुतण्याकडे दिली. कारण विचारले तेव्हा “अक्षर लागत नाही,” एवढेच सांगितले.

निदान झाले ते पुण्यात, एका नेत्र रुग्णालयात, आणि झाले एका कागदाच्या पट्टीने. टिपकागदाची ही पट्टी पाच मिलिमीटर रुंद आणि पस्तीस मिलिमीटर लांब असते. तिचे टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटांनी ती कोठवर भिजली ते मोजतात. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्यांनी १९०३ मध्ये ही रीत मांडली आणि आजही ती जवळजवळ तशीच वापरली जाते. निरोगी डोळ्याची पट्टी दहा-पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भिजते. पाचाच्या खाली आली तर कोरडेपणा तीव्र समजावा. काकींची उजवी पट्टी दोन मिलिमीटर भिजली होती, डावी एक. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या कागदावर चिकटवून त्यांखाली आकडे लिहिले. काकाजींनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेल्या माणसाला पत्नीच्या सात वर्षांच्या तक्रारीची पहिली लेखी नोंद त्या दिवशी मिळाली. परतीच्या वाटेवर शिरूर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

रक्ताच्या तपासण्यांनंतर आजाराचे नाव कळले: शोग्रेन. यात शरीराची संरक्षक यंत्रणा वाट चुकते आणि स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर व लाळग्रंथींवर हल्ला करते. रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा चाळिशीनंतर उघड होतो. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधील नेत्रवैद्य. १९३३ मध्ये त्यांनी एकोणीस स्त्रियांच्या कोरड्या डोळ्यांचा बारकाईने अभ्यास करून प्रबंध लिहिला आणि डोळ्यांचा, तोंडाचा व सांध्यांचा त्रास एकाच आजाराची अंगे आहेत असे मांडले. तो प्रबंध विद्यापीठात अध्यापनाची वाट खुली होण्याइतका सरस ठरवला गेला नाही. शोग्रेन योन्शोपिंग नावाच्या गावी रुग्ण तपासत राहिले. दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे जगाचे लक्ष गेले. एकोणीस बायकांचे दुखणे खरे मानायला विद्वानांनाही वेळ लागला, तर कापड बाजाराला दोष का द्यावा?

आजाराचे नाव कळल्यावर आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. काकींचे तोंडही कोरडे पडत असे. पोळीचा घास पाण्यावाचून उतरत नसे, रात्री जीभ टाळूला चिकटे. लग्नाआधीपासून त्या चौविहार पाळत. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. आणि ही तहान त्यांनी आपल्या नियमाची कसोटी समजून वर्षानुवर्षे सोसली होती. डॉक्टरांनी दर थोड्या वेळाने घोटभर पाणी घेण्यास सांगितले तेव्हा रक्त काढण्यापेक्षा याचाच त्यांना अधिक विचार पडला. दात वेगाने किडू लागले होते, तेही याच कोरडेपणामुळे. अखेर चातुर्मासासाठी गावात असलेल्या साध्वीजींपुढे त्यांनी सारे मांडले आणि चौविहाराऐवजी तिविहाराचे पच्चक्खाण घेण्यास आरंभ केला. त्यात रात्री पाणी घेता येते. ज्या घरांत कोणी वडीलधारी बाई रात्रभर कोरड्या तोंडाने तळमळते आणि नियमामुळे बोलत नाही, तेथे हा प्रसंग जरूर सांगावा.

डोळ्यांचे उपचार पायरीपायरीने झाले. आधी कृत्रिम अश्रू. दिवसातून आठ-दहा वेळा घालायचे असल्याने त्यांत टिकाऊपणासाठी मिसळलेले रसायनच डोळ्याला बाधू लागते, म्हणून एकदाच वापरून फेकायच्या छोट्या कुप्या आल्या. मग सायक्लोस्पोरिनचे थेंब आले, दाह कमी करण्यासाठी. मग पापण्यांच्या नाकाकडील टोकाला जी बारीक छिद्रे असतात आणि ज्यांतून अश्रू नाकात उतरतात, ती बुचे लावून बंद केली. जे थोडे पाणी आहे ते तरी डोळ्यांत राहावे. प्रत्येक पायरीवर थोडा आराम मिळाला आणि मग थांबला.

दुसऱ्या हिवाळ्यात बुबुळावर धागे दिसू लागले. हा शब्द डॉक्टरांचाच. कोरड्या पृष्ठभागावर चिकट स्राव आणि सुटलेल्या पेशी एकत्र येऊन त्यांचे बारीक धागे तयार होतात. त्यांचे एक टोक कॉर्नियाला धरून असते आणि दुसरे मोकळे लोंबते. पापणी मिटली की धागा ओढला जातो. शरीरात इतके संवेदनशील स्थान क्वचितच दुसरे असेल. तीस वर्षे धाग्यादोऱ्यांत काढलेल्या बाईला आपल्याच डोळ्यांतील धाग्याने अंधाऱ्या खोलीत बसवले. पृष्ठभाग असाच सोलत राहिला तर तेथे जखम होऊन जंतुसंसर्ग होईल आणि पडद्यावर कायमचा पांढरा डाग पडेल, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. त्याच भेटीत त्यांनी सीरमच्या थेंबांचा विषय काढला.

रक्त काढून ते न हलवता ठेवले तर गोठते. गोठलेला भाग खाली बसतो आणि वर फिकट पिवळा, नितळ द्रव राहतो. तोच सीरम, मराठीत रक्तजल. पुण्याच्या लसींच्या कारखान्यामुळे हा शब्द आज घरोघरी ठाऊक आहे, मात्र त्या कारखान्याची सुरुवात घोड्यांच्या रक्तजलातून धनुर्वातावरचे औषध काढण्यापासून झाली, हे थोड्यांच्या लक्षात असते. येथे घोडा नको आणि दुसरा कोणताच प्राणी नको. रुग्णाचेच रक्तजल घेऊन त्याच्याच डोळ्यांत थेंबाथेंबाने घालायचे. कारण अश्रूंमधील जी द्रव्ये कारखान्याच्या कृत्रिम अश्रूंत सहसा नसतात, ती रक्तजलात असतात: अ जीवनसत्त्व, पेशी वाढवणारी प्रथिने, पेशींना चिकटून राहण्यास मदत करणारे फायब्रोनेक्टिन. कृत्रिम अश्रू डोळा भिजवतात. हे थेंब भिजवतात आणि डागडुजीही करतात.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांवर त्यांच्याच रक्तजलाचा उपयोग करून त्याचा गुण नोंदवला. पुढे जपानमध्ये त्सुबोता यांनी शोग्रेनच्या रुग्णांवर तो नेटाने पारखला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तजल पाचपट पातळ करून वापरण्याची रीत तेव्हापासून रूढ झाली. त्यामागे हिशेब आहे. रक्तजलात एक द्रव्य असे आहे, जे अश्रूंपेक्षा कित्येक पटींनी अधिक असते आणि जास्त झाले तर जखम भरण्याचा वेग उलट मंदावते. म्हणून एक भाग रक्तजल आणि चार भाग निर्जंतुक मिठाचे पाणी. काही ठिकाणी याहून दाट थेंबही देतात.

हा विषय घरी निघाला तेव्हा जेवणाच्या खोलीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग काकींच्या सासूबाई, ज्यांना सारे दादीजी म्हणतात, त्यांनी विचारले, “रक्ताचं औषध? कोणाचं रक्त?”

“त्यांचंच, दादीजी,” सून म्हणाली.

“दुसऱ्या कोणाचं नाही?”

“नाही.”

“मग विचारायचं काय त्यात? आपलंच आपल्याला.”

दादीजींचा प्रश्न भाबडा नव्हता. मधल्या काळात परदेशातील एका नातेवाइकाने डोळ्यांची एक जेल पाठवली होती. पुतण्याने वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली, तर ती वासरांच्या रक्तापासून बनवलेली निघाली. ती तशीच बाजूला राहिली. माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्याव्यात, असा आग्रहही अनेकांनी केला होता आणि काकींनी तो मानला नव्हता. त्यावरून “व्रतापायी डोळे घालवतील” असे टोमणे त्यांना ऐकावे लागले. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला आहे. पाचशेहून अधिक रुग्णांपैकी काहींना वर्षभर माशाच्या तेलातील ओमेगा-३ दिले आणि काहींना नुसते ऑलिव्ह तेल. कोरड्या डोळ्यांच्या त्रासात दोन्ही गटांत लक्षात घ्यावा असा फरक आढळला नाही. यातून व्रताचे वैद्यकीय समर्थन काढू नये. मासे टाळण्याचे काकींचे कारण वेगळे होते आणि निकाल उलट लागला असता तरी ते तेच राहिले असते. घरी होणाऱ्या जवसाच्या चटणीकडूनही औषधाची अपेक्षा ठेवू नये. चटणी म्हणून ती उत्तम आहे.

मुलाने बाही वर सारून आपले रक्त घ्या असे डॉक्टरांना सांगितले. काही देशांत, रुग्णाला पंडुरोग असेल किंवा रक्त काढणे झेपणार नसेल, तर तपासलेल्या दात्याचे रक्तजल देतात; इंग्लंडच्या सरकारी रक्तसेवेत तशी सोय आहे. परंतु स्वतःचे रक्त चालत असेल तर दुसऱ्याच्या रक्तातील रोगाची भीतीच उरत नाही. काकींचे हिमोग्लोबिन पुरेसे होते. कावीळ, एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या तपासण्या मात्र त्यांच्याही झाल्या. “माझ्याच रक्ताची माझ्यासाठी चौकशी?” असे त्या म्हणाल्या. बाटल्या भरणाऱ्या माणसांच्या आणि शेजारी ठेवलेल्या इतरांच्या बाटल्यांच्या सुरक्षिततेसाठी ती लागते, हे सांगितल्यावर त्यांना पटले.

रक्त काढले पंचेचाळीस मिलिलिटर. रक्तदानात साडेतीनशे काढतात, त्या मानाने हे काहीच नाही. साधारण दोन तास ते नळ्यांत गोठू दिले, मग वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून वरचे रक्तजल वेगळे केले, पातळ केले, जंतू अडवणाऱ्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले आणि बंद कक्षात छोट्या बाटल्यांत भरले. पुतण्याने तोंडी हिशेब केला. पंचेचाळीसचे रक्तजल अठरा, त्याची पाचपट नव्वद. गाळणीतील आणि भरण्यातील घट वजा जाता एकेक मिलिलिटरच्या चौऱ्याऐंशी बाटल्या, म्हणजे बारा आठवडे, रोज एक. चौऱ्याऐंशीचा आकडा ऐकून काकाजी हसले; जैन घरात त्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

खरी कसोटी यानंतर होती. या थेंबांत टिकवण्याचे रसायन नसते आणि रक्तजल हे जंतूंचे आवडते खाद्य आहे. म्हणून बाटल्या उणे वीस अंशांवर गोठवून ठेवायच्या आणि तीन महिन्यांत संपवायच्या. रोज एकच बाटली वितळू द्यायची, ती दिवसभर फ्रीजमध्ये ठेवून दोन-दोन तासांनी थेंब घालायचा, रात्री उरलेली टाकून द्यायची. वितळलेली पुन्हा गोठवायची नाही. बाटलीचे तोंड पापणीला लागू द्यायचे नाही. हात साबणाने धुऊनच बाटली उचलायची. थेंबांचा रंग बदलला, ते गढूळ झाले, डोळा अधिक लाल होऊन दुखू लागला किंवा चिपडे येऊ लागली, तर थेंब बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दवाखान्यातील ओळखीच्या माणसाकडून रक्त काढून घरीच काही करून पाहण्याचा विचारही करू नये, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले.

बाटल्या ठेवायच्या कोठे, यावर घरात मतभेद झाला. स्वयंपाकघरातील फ्रीजमध्ये रक्त नको, असे दादीजींचे म्हणणे, आणि त्याला काकींचाही मनातून पाठिंबा होता. शेवटी दुकानाच्या मागील खोलीत एक लहान डीप फ्रीझर घेतला आणि त्यालगत रोजच्या बाटलीसाठी छोटा फ्रीज. दुकानाला इन्व्हर्टर होता, ही जमेची बाजू. सकाळी आठला सून दुकानात जाऊन बाटली काढते. “मम्मीजी, वर बघा” म्हणून पहिला थेंब तीच घालते. फ्रीझरच्या झाकणावर मुलाने कागद चिकटवला आहे: तारीख, काढलेल्या बाटल्या, शिल्लक. एप्रिलमधील एका रात्री वीज नऊ तास गेली आणि इन्व्हर्टरही बसला. पुतण्या मध्यरात्री दुकान उघडून बर्फाच्या लाद्या फ्रीझरभोवती रचत बसला. झाकण उघडायचे नाही, हे त्याला आठवले म्हणून बाटल्या वाचल्या. “काकींना वहीचा कंटाळा आला” असे म्हणणारा हाच पुतण्या होता, असे दुकानात सांगतात.

थेंब सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे फारसे काही जाणवले नाही. तिसऱ्या आठवड्यात काकी पहाटे पापण्या बोटांनी न सोडवता जाग्या झाल्या. सहा आठवड्यांनी तपासणीत धागे नाहीसे झाले होते. डोळ्यांत रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा पूर्वी सगळीकडे दिसणारे सोललेले ठिपके खालच्या कडेपुरते उरले होते. टिपकागदाची पट्टी मात्र तेवढीच भिजली: दोन आणि एक. ग्रंथी सुधारल्या नव्हत्या. त्या या औषधाने सुधारत नाहीत. बाहेरून आणून घातलेला अश्रू जोवर आहे तोवर डोळा सावरलेला राहतो. काकाजींना हे कळायला वेळ लागला नाही. भांडवल वाढले नाही, रोजची निकड भागली.

या उपचाराचा बाजारात बोलबाला व्हावा इतका पुरावा अजून जमलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. जगभरच्या चाचण्या तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा तिला निकषांत बसणाऱ्या पाचच चाचण्या मिळाल्या आणि त्यांतील सगळे रुग्ण मिळून शंभरही नव्हते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत आराम पडतो असे काहींत दिसले, सगळ्यांत नाही. दीर्घ मुदतीचा निर्णय देता आला नाही. त्यामुळे संगणकापुढे बसून डोळे चुरचुरणाऱ्या प्रत्येकाने रक्त काढून घ्यावे, असे कोणताही जबाबदार डॉक्टर सांगत नाही. शोग्रेन, एखाद्या गोळीच्या तीव्र प्रतिक्रियेने होणारा स्टीव्हन्स-जॉन्सनचा आजार, अस्थिमज्जा बदलल्यानंतरचा कोरडेपणा, किंवा कॉर्नियावरची महिनोन्महिने न भरणारी जखम, अशा ठिकाणी, बाकीच्या पायऱ्या चढून झाल्यावर, हा उपाय पुढे येतो. आणि ज्यांना गुण येतो, त्यांना तो आयुष्यभराच्या खात्यासारखा चालवावा लागतो: दर बारा आठवड्यांनी प्रवास, सुई, बर्फाची पेटी, बाटल्यांची मोजणी. रक्ताला पैसे पडत नाहीत. तपासण्यांना, भरणीला आणि पुण्याच्या फेऱ्यांना पडतात.

काकींनी वही पुन्हा घेतली ती पूर्ण नाही. सकाळी दोन तास, पंखा बंद करून, कडेने झाकलेला चष्मा लावून त्या बसतात. मोठ्या बाक्या पुतण्या पाहतो, खेड्यांतील छोटी खाती काकींकडे. पाथर्डीकडील एक जुना दुकानदार बऱ्याच वर्षांनी त्यांना गादीवर पाहून म्हणाला, “काकी, तुम्ही नव्हता तेव्हा या पोराने मला आठ दिवसांचीसुद्धा मुदत दिली नाही.” काकींनी वही उलटून त्याचे पान काढले, समास पाहिला आणि पुतण्याने बरोबर केले होते असे सांगितले.

गेल्या वर्षी त्यांचे थोरले बंधू गेले. तेराव्या दिवशी त्याच नणंदा शेजारी बसल्या होत्या. काकींचे डोळे तेव्हाही कोरडेच होते. थोड्या वेळाने धाकट्या नणंदेने घड्याळ पाहिले, उठून हात धुतले, बर्फाच्या डब्यातून बाटली काढली आणि म्हणाली, “भाभी, दोन तास झाले. वर बघा.”

यंदाच्या चौथ्या खेपेच्या बाटल्या पर्युषणाच्या पहिल्या आठवड्यात संपत होत्या. काकींना संवत्सरीचा उपवास करायचा असतो आणि उपवासाच्या तोंडावर रक्त काढणे डॉक्टरांना पसंत नव्हते. म्हणून मुलाने झाकणावरील कागद पाहून मागे हिशेब केला आणि पुण्याची तारीख बारा दिवस अलीकडे आणून घेतली. जुन्या नऊ बाटल्या शिल्लक असतानाच नव्या भरून आल्या. आधी जुन्या संपवायच्या, असे सुनेने त्यांवर लाल शाईने लिहून ठेवले आहे.